लेव्होडोपा आणि दुपारची मासळी
दुपारची लेव्होडोपा, म्हणजे कंपवाताची (पार्किन्सनची) गोळी, लागू पडेना म्हणजे कंपवात वाढला, डोस वाढवावा, असं म्हटलं जातं. दरवेळी तसं नसतं. आधी गोळी आणि जेवण यांतलं अंतर बघा. लेव्होडोपा मुळात अमिनो आम्लच. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरायला ते प्रथिनांतल्या अमिनो आम्लांचीच वाट धरतं. आपल्याकडे गोव्यात दुपारी शीत (भात), हुमण (माशांची आमटी) आणि वर तळलेला बांगडा. त्याच ताटावर गोळी घेतली की मासळीतल्या प्रथिनांमुळे त्या वाटेवर गर्दी होते, औषध मागे पडतं. गोळी जेवणाआधी 30 मिनिटं किंवा नंतर तासा-दीड तासाने द्या. मळमळलं तर सोबत थोडी पातळ पेज चालेल, दूध नको. लोहाची गोळी लेव्होडोपाला पोटातच धरून ठेवते, तिला 2 तास लांब ठेवा.

एवढं करूनही दुपार जड जात असेल तर डॉक्टरांना विचारून मासळी रात्रीच्या जेवणात न्या. बंद मात्र करू नका, या आजारात वजन तसंही उतरतं. आणि कृपा करून खाजकुइलीचं चूर्ण मनानेच सुरू करू नका: त्यात खरीखुरी लेव्होडोपा असते, प्रमाण मात्र दर बीला वेगळं.