घोट्याचे हाड मोडले, फिरणे थांबले. वजन कसे आवरावे?

कृष्णाकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझे वय ४७ वर्षे असून मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. आषाढातल्या एका सकाळी अंगणाच्या ओल्या पायरीवरून पाय घसरला आणि डाव्या घोट्याचे बाहेरच्या बाजूचे हाड मोडले. शस्त्रक्रिया करून प्लेट आणि स्क्रू बसवले आहेत, गुडघ्याच्या खालपर्यंत प्लॅस्टर आहे आणि सहा आठवडे त्या पायावर अजिबात भार द्यायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे. सध्या चौथा आठवडा सुरू आहे. वॉकर घेऊन पलंगापासून न्हाणीघरापर्यंत आणि तिथून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, एवढीच माझी ये-जा.

दुखण्यापेक्षाही मला वजनाची काळजी लागून राहिली आहे. माझी उंची १५५ सेंटिमीटर. गेल्या वर्षी वजन ७५ किलो होते आणि तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी ६.१ आली होती. मधुमेह अजून झालेला नाही, पण तुम्ही उंबरठ्यावर आहात, असे तेव्हा सांगण्यात आले. त्या दिवसापासून मी रोज पहाटे पन्नास मिनिटे झपाझप चालू लागले आणि अकरा महिन्यांत ६९ किलोपर्यंत आले. ते सहा किलो मी फार कष्टाने उतरवले आहेत. आता परकराची नाडी बांधताना टोक दोन बोटे आखूड उरते. मागच्या तपासणीच्या वेळी परिचारिकेच्या आधाराने एका पायावर उभी राहिले, तर काटा ७३ दाखवत होता, पण त्यात प्लॅस्टर किती आणि मी किती, हे कोण सांगणार?

सासूबाई रोज सकाळी डिंकाचे दोन लाडू हातावर ठेवतात, कारण डिंकाने हाड लवकर सांधते अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि त्यांनी या वयात बसून वळलेले लाडू नाकारणे मला जमत नाही. शेजारच्या एक बाई महिनाभर फक्त सूप आणि फळांवर राहा, असे सुचवतात. माझ्या मनात एकच वेळ जेवण्याचा विचार घोळतो आहे. त्यातच श्रावण लागला आहे. या महिन्यात आमच्याकडे अंडी-मासे बंद असतात आणि सोमवारचा उपवास मी लग्न झाल्यापासून करते. व्यायाम शक्य नसताना वजन उतरवण्याचा काही मार्ग आहे का, आणि असल्यास त्यामुळे हाड जुळण्यास बाधा तर येणार नाही ना?

परडीतली भाजी

ताई, नमस्कार. मी आहारतज्ज्ञ आहे आणि हाड मोडून घरी बसलेल्यांकडून हा प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी एक कळकळीची विनंती: एक वेळ जेवण किंवा महिनाभर नुसते सूप, यांपैकी काहीही करू नका. मोडलेले हाड सांधताना शरीर आधी प्रथिनांची जाळी विणते आणि मग त्या जाळीत कॅल्शियम व फॉस्फरस बसवते. खाणे एकदम तोडले, तर हे काम रेंगाळते आणि शरीर स्वतःच्याच स्नायूंमधून प्रथिने काढू लागते. आधीच प्लॅस्टरमध्ये निपचित पडलेला पाय त्यामुळे आणखी वाळतो. काट्यावर आकडा उतरलेला दिसतो खरा, पण उतरलेले वजन चरबीचेच असते असे नाही.

आता चालणे बंद झाल्याने नेमके किती नुकसान होते आहे, याचा हिशेब मांडू. तुमच्या वजनाच्या स्त्रीला पन्नास मिनिटे झपाझप चालताना साधारण दोनशे कॅलरी लागतात. आठवड्यातले सहा दिवस धरले, तर सहा आठवड्यांत सात हजार दोनशे कॅलरी होतात, आणि एक किलो चरबीत सुमारे सात हजार सातशे कॅलरी असतात. म्हणजे दीड महिन्याचे पहाटेचे फिरणे चुकले, तर त्याचा भार जेमतेम एक किलोचा आहे. वर्गात दिवसभर उभे राहणे, जिने, घरकाम हेही थांबले आहे, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे अधिक धरावे लागेल. पण अकरा महिन्यांची कमाई सहा आठवड्यांत वाहून जाईल, ही भीती मनातून काढून टाका.

खरा हिशेब दुसरीकडे आहे. डिंक, खोबरे, खारीक, तूप आणि गूळ घातलेल्या मध्यम आकाराच्या एका लाडवात पावणेदोनशे ते दोनशे कॅलरी असतात. दोन लाडू म्हणजे जवळजवळ दोन दिवसांचे चालणे. शिवाय घरात आजारी माणूस असले की भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते आणि प्रत्येकाबरोबर अर्धा कप चहा होतो. दोन छोटे चमचे साखरेचे पाच चहा धरले, तर नुसत्या साखरेच्या दोनशे कॅलरी झाल्या. दूध आणि बिस्किटे वेगळी. नाडीची ती दोन बोटे माझ्या मते इथून आली आहेत. सासूबाईंचे मन मोडण्याचे मुळीच कारण नाही. एकच लाडू घ्या, पण तो जेवणाच्या वर नको. सकाळच्या नाश्त्यातली एक पोळी कमी करून त्या जागी घ्या. खोबरे, खारीक आणि त्यात खसखस असेल तर तीही, या चांगल्याच गोष्टी आहेत, मात्र हाड सांधण्याचे सगळे काम एकट्या डिंकावर सोपवता येत नाही.

ते काम प्रथिनांचे आहे. निरोगी माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे मानक सांगते. दुखापतीच्या काळात ती सव्वा ग्रॅमच्या आसपास न्यावीत. तुमच्या उंचीला योग्य असलेले वजन ५५ किलोच्या आसपास धरले, तर रोज ६५ ते ७५ ग्रॅम प्रथिने हवीत. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे वाढवू नका. श्रावणातही एवढी प्रथिने सहज होतात. सकाळी मुगाच्या डाळीची दोन धिरडी (पन्नास ग्रॅम डाळ) म्हणजे बारा ग्रॅम आणि पेलाभर दूध म्हणजे सहा-सात ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ आणि वाटीभर दही मिळून अठरा ग्रॅम होतात. संध्याकाळी बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे, आणि रात्री एक ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, पिठले, पालेभाजी व पन्नास ग्रॅम पनीर. भात सोडायला मी सांगत नाही, पण वाटीने मोजून वाढून घ्या आणि त्याच्यावरचे वरण भातापेक्षा जास्त असू द्या. फोडणीचे तेल चमच्याने मोजण्याची सवय घरात लागली, तर तिचा उपयोग सगळ्यांनाच होईल. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, म्हणून या दिवसांत नाचणीला झुकते माप द्या.

सोमवारच्या उपवासाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. साबुदाणा हा निव्वळ स्टार्च आहे. त्यात प्रथिने नावापुरतीही नसतात आणि साखरेच्या उंबरठ्यावर असलेल्या व्यक्तीला तो मानवत नाही. वरीचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, दूध असा उपवास करा. दिवसभर निर्जळी किंवा निराहार राहणे यंदा टाळा. ड जीवनसत्त्वाची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या, पण साठ हजार युनिटची पाकिटे कुणाच्या सांगण्यावरून परस्पर सुरू करू नका. त्याचा अतिरेक रक्तातले कॅल्शियम वाढवतो.

वजन उतरवण्याचे म्हणाल, तर प्लॅस्टर असेपर्यंत ते वाढू न देणे एवढेच उद्दिष्ट ठेवा. साखर, बिस्किटे आणि एक लाडू कमी झाला की दिवसाला चारशेच्या आसपास कॅलरी आपोआप घटतात, हाडाच्या वाट्याचे काहीही न काढता. त्यात थोडे उतरले, तर उत्तमच.

पुन्हा पायवाट

वरील प्रतिसादाला स्वानुभवाची जोड देतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या गुडघ्याचे लिगामेंट फाटले आणि शस्त्रक्रिया झाली. तेव्हा माझे वय ५० होते आणि वजन ८८ किलो. हालचाल नाही तर जेवण कशाला, असा विचार करून मी पहिले तीन आठवडे दुपारी एकदाच जेवलो आणि रात्री नुसते ताक प्यायलो. पाच किलो उतरले आणि मला फार बरे वाटले. पुढे फिजिओथेरपी सुरू झाली, तेव्हा तिथल्या बाईंनी दोन्ही मांड्या टेपने मोजल्या. उजवी मांडी डावीपेक्षा चार सेंटिमीटर बारीक भरली. हातांनी रेटा दिल्याशिवाय खुर्चीतून उठणे मला जमत नव्हते. थोडीफार मांडी कुणाचीही बारीक होतेच, पण तुम्ही उपाशी राहून ती आणखी घालवली, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ती ताकद भरून यायला सात महिने लागले आणि पाच किलो मात्र त्याआधीच परत आले होते.

आणखी एक गोष्ट, जी कुणी बोलत नाही. वॉकर घेऊन न्हाणीघरात जाणे इतके त्रासाचे असते की माणूस नकळत पाणी पिणे कमी करतो. मी तेच केले. वेदनाशामक गोळ्या, पडून राहणे आणि कमी पाणी यांमुळे पोट इतके जड झाले की वजन वाढले आहे की पोट साफ नाही, हेच कळेना. आपण तसे करू नका. रात्रीपुरते पाणी संध्याकाळीच आटोपून घ्या, पण दिवसभराचे कमी करू नका. आणि कृपा करून एका पायावर तोल सांभाळत वजनकाट्यावर पुन्हा चढू नका. शिंप्याची टेप घेऊन आठवड्यातून एकदा, सकाळी अनशापोटी, पलंगाच्या कडेला बसून बेंबीच्या रेषेत कंबर मोजा आणि दर वेळी तशाच बसून मोजा. प्लॅस्टरचा आणि सुजेचा घोळ त्या मापात येत नाही.

हळूहळू भार

मी फिजिओथेरपिस्ट आहे. व्यायाम शक्य नाही, हे आपले वाक्य मला थोडे दुरुस्त करावेसे वाटते. एका घोट्याला विश्रांती हवी आहे. दोन हात, उजवा पाय, पोट, पाठ आणि डावी मांडी मोकळी आहेत. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना पुढील गोष्टी दाखवून, त्यांची परवानगी घेऊनच सुरुवात करा.

पाय लांब करून पलंगावर बसा, डाव्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघा त्या गुंडाळीवर दाबत मांडी आवळून धरा. मनात पाचपर्यंत मोजा आणि सोडा. असे दहा वेळा, दिवसातून चार-पाच वेळा करा. श्वास रोखून धरू नका. हे दिसायला किरकोळ वाटते, पण मांडी टिकवण्यासाठी मी माझ्या रुग्णांना सर्वांत आधी हेच शिकवते. मग तोच पाय सरळ ठेवून वीतभर उचला. प्लॅस्टरचे वजन इथे आपोआप कामी येते. हातांसाठी एक लिटर पाण्याच्या दोन बाटल्या पुरेशा आहेत: भक्कम, हातांची आणि न हलणारी खुर्ची घेऊन त्यात ताठ बसा, बाटल्या खांद्यापासून वर उचला, पुढे ढकला, कोपरातून वाका. वॉकरवर सगळा भार हातांवर येत असल्यामुळे ही ताकद तुम्हाला रोजच उपयोगी पडेल.

यातून कॅलरी फार जळतील, असे मी सांगणार नाही. स्नायू टिकून राहतात, साखर वापरणारी जागा शरीरात शिल्लक राहते आणि तुमची साखर काठावर असल्यामुळे त्याला मोल आहे. सलग दोन तास बसून किंवा पडून राहण्यापेक्षा तासातासाने पाच मिनिटे हात-पाय हलवणे चांगले. एरवी पाय उशांवर छातीपेक्षा उंच ठेवा.

पोटरी अचानक दुखू लागली, पायाची सूज वाढली, बोटे निळसर किंवा बधिर झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. छातीत दुखले किंवा धाप लागली, तर एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठा. पडून राहिल्याने पायात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती फुप्फुसापर्यंत पोहोचू शकते.

कृष्णाकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. फिरणे चुकल्याचा भार एका किलोच्या आसपास आहे, हे वाचून काल कित्येक दिवसांनी मला शांत झोप लागली. आज कंबर मोजली, ९४ सेंटिमीटर भरली. ती वहीत तारखेसह लिहून ठेवली आहे. सासूबाईंना प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि उद्यापासून एक लाडू व एक नाचणीची भाकरी असे स्वतःच ठरवले. पाहुण्यांबरोबर आता मी गवती चहाचा बिनसाखरेचा काढा घेते. डॉक्टरांशी फोनवर बोलणे झाले असून टॉवेलच्या व्यायामाला आणि बाटल्यांना त्यांनी परवानगी दिली आहे. आता एकच विचारते: प्लॅस्टर निघाल्यावर पहाटेचे फिरणे लगेच सुरू करता येईल का?

हळूहळू भार

लगेच नाही, ताई. क्ष-किरण चित्रात हाड जुळलेले दिसल्यावर डॉक्टर आधी थोडा भार द्यायला सांगतील, मग पूर्ण. वॉकरवरून काठीवर आणि काठीवरून मोकळे, असा तो क्रम असतो. घोटा ताठरलेला असतो आणि संध्याकाळी सूज येते. त्याने घाबरून जाऊ नका. सुरुवात घरातल्या सपाट फरशीवर पाच मिनिटांनी करा, तीही सपाता घालून नव्हे, तर टाच धरून ठेवणारे बूट घालून. परवानगी मिळाली की एका जागी चालवायची सायकल घोट्याला चालण्याआधी सोसते. पन्नास मिनिटांच्या फिरण्यापर्यंत पोहोचायला काही महिने लागतील. आणि अंगणाच्या त्या पायरीला तोवर कठडा बसवून घ्या.