रात्री डॉक्टरांना उठवावं का?

नमस्कार मंडळी,

नर्सिंगची नोंदणी हातात पडली आणि गेल्या महिन्यात मी मेडिकल वॉर्डात रुजू झाले. परवा संध्याकाळच्या ड्यूटीत एका आजोबांकडे बघून काहीतरी बिनसलंय असं वाटत होतं. पण बीपी ठीक, नाडी ठीक, म्हणून गप्प बसले. त्याच रात्री त्यांना आयसीयूत हलवावं लागलं. पुढच्या आठवड्यापासून माझी नाइट आहे. डॉक्टरांना फोन करताना जीभ अडखळते. आपल्यात कुणी या पेशात आहे का?

---

तुझी मेल वाचून राहवलं नाही. मी बावीस वर्षं सुईण म्हणून काम करतेय.

आधी सांग, आजोबांचे श्वास मोजले होतेस का? घड्याळ धरून, पूर्ण एक मिनिट? बीपी पडायला बराच वेळ लागतो, श्वास बहुधा त्याच्या आधीच वाढतो. मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० असतात. २५ झाले तर बाकीचे आकडे कितीही छान दिसोत, फोन कर.

फोनआधी कागदावर चार ओळी लिही: आत्ता काय झालंय, पेशंट कशासाठी दाखल आहे, तुला काय वाटतंय, तुला काय हवंय. नव्या मुली चौथी ओळ हमखास गाळतात. "तुम्ही आत्ता बघायला या," असं स्वच्छ म्हणायचं. उठवल्याबद्दल माफी मागायची नाही.

माझ्या पहिल्या वर्षी एका बाळंतिणीच्या चार्टवर मी 'थोडा रक्तस्राव' लिहिलं. सीनियर सिस्टरनी न बोलता पॅड वजनकाट्यावर ठेवले. कोऱ्या पॅडचं वजन वजा केलं की एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. ५०० च्या पुढे गेलं होतं! बाई वाचली. तेव्हापासून मी अंदाज लिहीत नाही, वजन करते.

आणि हो, इन्सुलिनच्या डोसापुढे नुसतं इंग्रजी 'U' कधी लिहू नकोस. ते शून्यासारखं दिसतं, १० चे १०० होतात. 'युनिट' पूर्ण लिही.

---

ताई, श्वास मोजले नव्हते. आधीच्या पाळीचा १६ हा आकडाच मी उतरवला होता. हे अजून कुणालाच बोलले नाहीये. उद्या इनचार्ज सिस्टरना सांगणार आहे. त्यानंतर तुम्हाला फोन केला तर चालेल?

---

चालेल. सांगून झालं की लगेच कर, मी घरीच आहे.