दोन बंद लॅपटॉप : काय काढून ठेवायचं आणि काय भंगारात?

पाना_पक्कड

घरात दोन लॅपटॉप पडून आहेत. पहिला 15.6 इंची, चौथ्या जनरेशनचा आय5. चार्जर लावला तरी दिवा लागत नाही, दुकानदार म्हणतो बोर्ड गेला. बॅटरी खालून खटका सरकवून निघणारी, सहा सेलची, 10.8 व्होल्ट. दुसरा 14 इंची, आठव्या जनरेशनचा. पडून डिस्प्ले फुटला, उजवं बिजागर उखडलं, पण एचडीएमआयने टीव्हीला जोडला की विंडोज व्यवस्थित चालू होतं. याची बॅटरी आतली, चपटी. टचपॅड जरा वर आलाय, क्लिक होत नाही.

भंगारवाला दोन्हींचे मिळून 600 देतोय. डिस्प्लेचा मॉनिटर, बॅटरीचे सेल, रॅम, डिस्क यातलं काय कामाला येईल? सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर आहे.

शिसं_आणि_फ्लक्स

बाकी सगळं नंतर. टचपॅड वर आलाय म्हणजे खालची बॅटरी फुगली आहे. तो लॅपटॉप आता चार्जिंगला लावू नका.

विंडोज बंद करा, चार्जर काढा, खालचं झाकण उघडा आणि सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. तारा धरून ओढू नका, प्लास्टिकच्या दोन्ही कडांना नख लावून सरकवा. मग स्क्रू. दुहेरी टेपने चिकटवलेली असेल तर खाली स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही, जुनं प्लास्टिकचं कार्ड सावकाश सरकवायचं. फुगवटा टाचणीने सोडवायचा विचारही नको, पेट घेते. काढलेली बॅटरी पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवा आणि डबा घराबाहेर ठेवा. झाकण गच्च लावू नका. घंटागाडीत तर अजिबात टाकू नका, गाडीत कचरा दाबला जातो तेव्हा अशाच बॅटऱ्या आगी लावतात.

बॅटरी काढल्यावर बहुतेक लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालतात. म्हणून माझं मत : 14 इंची फोडू नका. डिस्प्लेचं झाकण काढून टाका आणि खालचा भाग टीव्हीमागे किंवा राउटरशेजारी ठेवून छोटा सर्व्हर करा. फक्त एक गोष्ट हमखास विसरली जाते. वायफायच्या अँटेना त्या झाकणातच, डिस्प्लेच्या कडेने बसवलेल्या असतात. काळी आणि पांढरी अशा दोन बारीक तारा बिजागरातून वर जातात. त्या कापल्या की वायफाय शेजारच्या खोलीतही धड पकडत नाही. टोकाच्या पट्ट्यांसकट अँटेना सोडवा आणि बॉडीच्या बाहेरून, धातूपासून लांब चिकटवा. फुटलेल्या डिस्प्लेची केबलही बोर्डवरून काढा, म्हणजे बायोसची (विंडोजच्या आधी येणारी सेटिंगची) स्क्रीनसुद्धा बहुतेक वेळा टीव्हीवर येते. आणि बॅटरी नसल्यामुळे वीज गेली की तो तिथल्या तिथे बंद पडणार, तेव्हा राउटरच्याच यूपीएसवर जोडा.

जुना_बोर्ड

15.6 च्या पॅनेलबद्दल, म्हणजे आतल्या डिस्प्लेबद्दल. त्या काळात 40 पिनांचं एलव्हीडीएस आणि 30 पिनांचं ईडीपी (सिग्नल पोचवायच्या दोन पद्धती) अशी दोन्ही पॅनेल येत होती, त्यामुळे पॅनेलचा मॉनिटर करणारा कंट्रोलर बोर्ड लॅपटॉपच्या मॉडेलवरून मागवू नका. पॅनेल काढा, मागच्या स्टिकरवरचा पूर्ण नंबर विक्रेत्याला द्या. बोर्डमधलं सॉफ्टवेअर (फर्मवेअर) त्या नंबरप्रमाणे भरलेलं लागतं.

पॅनेल मरतं ते बहुतेक वेळा जोडणाऱ्याच्या हातून. एलव्हीडीएसच्या बऱ्याच बोर्डांवर पॅनेलच्या पुरवठ्यासाठी 3.3, 5 आणि 12 व्होल्टचा जंपर (व्होल्टेज निवडायची छोटी टोपी) असतो. लॅपटॉपच्या पॅनेलला 3.3 लागतात. जंपर 12 वर राहिला तर पॅनेल त्याच क्षणी संपलं. केबल पॅनेलला लावण्याआधी बोर्ड चालू करून तो व्होल्टेज मीटरवर बघाच. दुसरी चूक केबल उलटी लावण्याची : दोन्ही टोकांना एक नंबरची पिन कुठे आहे ते खुणेवरून जुळवा. बोर्डाला 12 व्होल्ट 2 अँपियरचा अडॅप्टर पुरतो. लॅपटॉपचा 19 व्होल्टचा त्याला थेट लावू नका.

चालू केल्यावर नुसता पांढरा पडदा आला तर बॅकलाइट (पॅनेलमागचा दिवा) ठीक आहे, सिग्नल किंवा 3.3 पोहोचत नाही. रंग निगेटिव्हसारखे दिसले तर फर्मवेअर चुकीचं. टॉर्च मारल्यावर पुसट चित्र दिसलं तर बॅकलाइट सुरू करणारी तार बघा.

पण खरं सांगायचं तर पॅनेल 1366 बाय 768 असेल तर बोर्ड, अडॅप्टर आणि चौकटीवर खर्च करण्यात फारसा अर्थ नाही. 1920 बाय 1080 असेल तर जरूर करा.

मिलीअँपियर

सेलचं बोलायचं तर फुगलेल्या चपट्या बॅटरीतून काही वाचवायला जाऊ नका. सहा सेलवाली उघडा. 10.8 व्होल्ट म्हणजे दोन-दोन सेल समांतर आणि अशा तीन जोड्या एकसर. खोक्याचा सांधा प्लास्टिकच्या पातीने उकला, धातूचं टोक आत गेलं तर निकेलची पट्टी आणि सेलचं कवच शॉर्ट होतं. पट्ट्या एकेक करून कापा आणि उघडं टोक लगेच टेपने झाका. दोन पट्ट्या एकाच वेळी पक्कडीत धरायच्या नाहीत.

आता प्रत्येक सेल मोजा. 2.5 व्होल्टच्या खाली असेल तो बाद. तो चार्ज होईलही, पण इतका उतरलेला सेल बराच काळ पडून राहिला की आतलं तांबं विरघळतं, चार्जिंगच्या वेळी पुन्हा साचतं आणि आतल्या आत शॉर्ट करतं. उरलेले टीपी4056 मॉड्यूलवर (एकेक सेल चार्ज करणारा छोटा बोर्ड) चार्ज करा. मॉड्यूल 1 अँपियरवर बसवलेलं येतं, म्हाताऱ्या सेलला तेवढा करंट नको. त्यावरचा 1.2 किलोओहमचा रेझिस्टर काढून 2 किलोओहमचा लावला की करंट सुमारे 580 मिलीअँपियरवर येतो. सेल फरशीवर ठेवा, समोर बसून रहा. हाताला गरम लागला तो बाद. 4.2 ला भरल्यावर दोन आठवडे तसेच ठेवून पुन्हा मोजा, 4.1 च्या खाली घसरलेला तोही बाद.

शेवटी अर्ध्या अँपियरच्या लोडवर 3 व्होल्टपर्यंत उतरवून क्षमता बघा. मूळ 2200 मिलीअँपियर-अवरपैकी 1500 च्या वर देणारे टॉर्च किंवा छोट्या रेडिओला चांगले. सेलवर थेट सोल्डर करू नका, उष्णतेने आतला पडदा खराब होतो. होल्डर वापरा. सेल एकसर जोडणार असाल तर बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारा संरक्षक बोर्ड) हवाच. आणि सायकलला किंवा इन्व्हर्टरला असले सेल नकोत.

पाना_पक्कड

टचपॅडचं लक्षातच आलं नव्हतं, धन्यवाद. पॅनेलवर एनटी156डब्ल्यूएचएम-एन42 असं आहे. रॅमवर पीसी3एल-12800, 4 जीबी. जुन्यातली डिस्क 500 जीबीची साधी, नव्यात एम.2 (पट्टीसारखी छोटी एसएसडी).

जुना_बोर्ड

हे 30 पिनांचं ईडीपी, 1366 बाय 768. मॉनिटर करू नका, पण चाचणी फुकटात होईल. 14 इंचीचं फुटलेलं पॅनेलही 30 पिनांचं असेल तर तीच केबल याला लावून बघा. झाकणात बसणार नाही, चित्र मात्र येईल. केबल लावताना बॅटरी आणि चार्जर दोन्ही सुटे हवेत. नाहीतर बॅकलाइटच्या लाइनवर व्होल्टेज राहतो, कनेक्टर तिरका बसला की बोर्डावरचा बारीक फ्यूज उडतो आणि मग चांगलं पॅनेलही काळं दिसतं. चालू निघालं तर दुरुस्तीच्या दुकानात विका.

शिसं_आणि_फ्लक्स

रॅम डीडीआर3एल आहे, 204 पिनांची. आठव्या जनरेशनच्या लॅपटॉपमध्ये बहुधा डीडीआर4 असते, 260 पिनांची, खाचच जुळत नाही. विकून टाका. 500 जीबीची डिस्क यूएसबी 3 च्या केसमध्ये (बाहेरून जोडायच्या डबीत) घाला. आधी डिस्कची जाडी मोजा, 9.5 मिलिमीटरची डिस्क 7 च्या केसमध्ये जात नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या प्रोग्रॅममध्ये 05 आणि सी5 या (खराब जागांच्या) ओळींचे कच्चे आकडे शून्य असतील तरच भरवसा ठेवा.

एम.2 काढणार असाल तर आधी विंडोज चालू असतानाच बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे कुलूप) बघा. चालू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की लिहून घ्या किंवा एन्क्रिप्शन बंद करा, नाहीतर दुसऱ्या मशीनवर डेटा उघडणार नाही. केस घेताना साटा की एनव्हीएमई (एम.2 चे दोन प्रकार) तेही स्टिकरवरून वाचा, साध्या केसला दोन्ही चालत नाहीत.

मेलेला बोर्ड, फुटलेलं पॅनेल आणि बाद सेल राहिले. बोर्डावरचं सोनं काढायचे ॲसिडचे व्हिडिओ बघून घरात काही करू नका, धूर फुप्फुसाला जाळतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या रिसायकलरकडे द्या. सेल आणि फुगलेली बॅटरी वेगळ्या पिशवीत, टोकांना टेप लावून. भंगारवाल्याला हवं तर नुसती प्लास्टिकची बॉडी द्या, पण बिजागरांचे आणि बॉडीचे स्क्रू काढून घ्या. एम2 आणि एम2.5 चे ते बारीक स्क्रू सुटे शोधायला गेलात की मिळत नाहीत.