वाड्याचा चौक काढताना व्हॅनिशिंग पॉइंट कागदाबाहेर जातात. संदर्भ आणि फुकट सॉफ्टवेअर सुचवा

रंगपेटी:
पेशवाई धाटणीच्या वाड्याचा चौक काढतेय. समोर कोपरा, दोन्ही बाजूंना ओसरी, सुरूदार (सुरूच्या झाडाच्या आकाराचे) खांब, वर कौलारू छप्पर. ए३ कागद आडवा, पक्की रेघ क्रिता या फुकट चित्रकला सॉफ्टवेअरमध्ये. दोन्ही व्हॅनिशिंग पॉइंट (लांब जाणाऱ्या समांतर रेघा चित्रात जिथे मिळतात ते बिंदू) कागदात बसवले की कडेचे खांब फाकल्यासारखे दिसतात. मोबाइलवरच्या फोटोत खांब आत झुकतात. छपराचा उतार तर कुठे नेऊन मिळवायचा तेच उमगत नाही. आणि दुसऱ्याचा फोटो समोर ठेवून काढलेलं चालतं का?

तुळई:
खांब फाकतात कारण बिंदू जवळ आहेत. मध्यापासून २०-२० सेंमीवर ठेवलेत तर ते चित्र डोळा कागदापासून २० सेंमीवर धरून बघायचं चित्र होतं. तसं कोणी बघत नाही.

कागदाची रुंदी ४२ सेंमी. नजरेचा कोन ४० अंश धरा, म्हणजे डोळा ५७.७ सेंमीवर येतो (२१ भागिले टॅन २०). कोपरा बरोबर समोर, दोन्ही बाजू सारख्याच तिरक्या असतील तर दोन्ही बिंदू मध्यापासून ५७.७ सेंमीवर, म्हणजे प्रत्येकी जवळजवळ ३७ सेंमी कागदाबाहेर. चौक थोडा वळवायचा असेल तर एक बिंदू आत येतो आणि दुसरा लांब पळतो, पण दोन अंतरांचा गुणाकार तोच राहिला पाहिजे, साधारण ३३३० (५७.७ चा वर्ग). उदाहरणार्थ ३३.३ आणि १००. हा गुणाकार सांभाळला नाही तर चौकाचा कोपरा काटकोनात दिसतच नाही.

क्रितात असिस्टंट टूल (रेघेला दिशा देणारी मदतरेषा) घ्या, प्रकार व्हॅनिशिंग पॉइंट. कॅनव्हास झूम आउट करून बिंदू खुशाल बाहेर टाका, काही अडत नाही. मग ब्रश टूलच्या ऑप्शन्समध्ये स्नॅप टू असिस्टंट्स चालू करा. हे राहून गेलं की असिस्टंट दिसतो पण रेघ ऐकत नाही. त्याच्याजवळचं स्नॅप सिंगलही चालू ठेवा, नाहीतर अर्ध्या रेघेत ब्रश दुसऱ्या बिंदूकडे उडी मारतो.

खांबांतलं अंतर डोळ्यांनी कमी करत जाऊ नका. पहिल्या खांबाच्या माथ्यापासून दुसऱ्याच्या मध्यावरून रेघ ओढा. ती जोत्याच्या रेघेला जिथे मिळते तिथे तिसऱ्याचा पाय. मध्य मात्र खांबांच्या उंचीचा घ्या, महिरपीचा नव्हे.

कौलं:
उताराचं उत्तर. डावीकडच्या ओसरीचं छप्पर चौकाकडे उतरतं, म्हणजे तुमच्यापासून लांब जाताना चढतं. त्याचे वासे आडवे असते तर डाव्या बिंदूकडे गेले असते. चढते आहेत म्हणून त्यांचा बिंदू डाव्या बिंदूच्या बरोबर डोक्यावर येतो. किती वर? डोळ्यापासून डाव्या बिंदूपर्यंतचं अंतर गुणिले उताराचा टॅन. तुळईने वर दिलेल्या आकड्यांनी ८१.६ गुणिले ०.५७७, म्हणजे ३० अंशांच्या उताराला क्षितिजरेषेच्या (डोळ्याच्या उंचीवरच्या आडव्या रेघेच्या) वर ४७ सेंमी. उजवीकडे तसंच.

दोन छपरं कोपऱ्यात मिळतात ती पन्हळीची रेघ, कोपरा बरोबर समोर असेल तर, चित्रात सरळ उभी येते. तिरकी आली तर वाशांचे दोन बिंदू एका उंचीवर नाहीत. तपासायची ही सगळ्यात सोपी जागा.

माणसं घालणार असाल तर: क्षितिजरेषा चौकात उभ्या माणसाच्या डोळ्यांवर, समजा १.५ मीटरवर. चौकातल्या त्याच उंचीच्या सगळ्यांचे डोळे जवळ-लांब कुठेही त्या रेघेवरच. जोतं ६० सेंमी असेल तर ओसरीवर उभा माणूस तेवढाच वर.

छायाप्रकाश:
खांब आत झुकतात ते फोन वर कलल्यामुळे. फोन उभा सरळ धरा, आभाळ नको असेल तर नंतर कापा. मोबाइलचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २८ मिमीचा, म्हणजे कोन ६५ ते ७४ अंश. मागे सरून २एक्स झूमवर काढलात तर ४० च्या आसपास येतो. मागे सरायला जागा नसेल तर काढताना कडा सोडून द्या.

फोटोवरून बिंदू शोधायला एफस्पाय फुकट आहे. दोन दिशांच्या कडा दाखवल्या की कॅमेऱ्याची जागा काढतं, ब्लेंडर या फुकट थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये नेता येतं. एक अट: कापलेला फोटो देऊ नका. ते फोटोचा मध्य हाच नजरेचा मध्य धरतं, एका बाजूने कापला की सगळंच सरकतं. आणि कोपरा अगदी तिरका, एक बाजू जवळजवळ समोर असेल तर आकडे डळमळतात.

फोटो नाहीच मिळाला तर ब्लेंडरमध्ये नुसते खोके उभे करा. एक खांब, त्याला अ‍ॅरे मॉडिफायर, म्हणजे सारख्या अंतरावर त्याच्या प्रती येतात. कॅमेऱ्याची उंची (झेड) १.५ मीटर, एक्स रोटेशन ९० अंश म्हणजे नजर सरळ समोर, लेन्स ५० मिमी. छप्पर फ्रेमबाहेर गेलं तर कॅमेरा कलवू नका. लेन्सच्या शिफ्ट वायने फ्रेम वर घ्या, खांब उभेच राहतात.

फोटोंबद्दल: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ इमारतीचं चित्र काढायला मोकळीक देतं. पण फोटो हा फोटोग्राफरचा. विकिमीडिया कॉमन्सवर पुण्याच्या विश्रामबागवाड्याचे, त्याच्या सुरूदार खांबांचे फोटो आहेत. प्रत्येकाच्या पानावर परवाना लिहिलेला असतो. शेअर-अलाइक असेल आणि तोच फोटो गिरवलात तर तुमचं चित्रही त्याच परवान्याखाली द्यावं लागेल. म्हणून चार-पाच फोटोंतून मापं आणि नक्षी घ्या, कोन तुमचा ठेवा.

रंगपेटी:
बिंदू ५७.७ वर नेले, खांब सुधारले. पन्हळीची रेघ मात्र तिरकीच येतेय.

कौलं:
डाव्या छपराचा उतार ३० आणि उजव्याचा वेगळा धरलाय का? ओसऱ्यांची खोली कमी-जास्त असून वरचा आढा (छपराचा माथा) एकाच उंचीवर ठेवला की असं होतं. दोन्ही उतार सारखे ठेवा, आढे वेगळ्या उंचीवर जाऊ द्या.