प्रतिसाद: पायरॉक्सिन दिसलं म्हणून गॅब्रो?

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की थरयुक्त अंतर्वेशनाच्या (जमिनीखाली घुसून थराथरांत थिजलेल्या मॅग्माच्या राशीच्या) तळाशी मिळालेला, पायरॉक्सिन आणि प्लेजिओक्लेज या खनिजांचा बारीक कणांचा खडक म्हणजे त्याच मॅग्माची झटकन थिजलेली कडा. असेलही, पण खनिजांवरून हे ठरत नाही. जुना बेसाल्ट (थिजलेला लाव्हा) गॅब्रोच्या, म्हणजे जमिनीखाली सावकाश थिजणाऱ्या मॅग्माच्या खडकाच्या, उष्णतेने पुरेसा भाजला तर त्याचा पायरॉक्सिन हॉर्नफेल्स (उष्णतेने बदललेला बारीक कणांचा खडक) होतो, आणि त्यातही हीच खनिजं असतात!

आधी खडकाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली नीट बघा. कण समान आकाराचे आणि तिघे भेटतात तिथे १२०° च्या आसपास कोन, तर पुनर्स्फटिकीकरण (उष्णतेने कण नव्याने घडणं) नक्की. पण झटकन थिजलेली कडासुद्धा नंतर भाजू शकते, त्यामुळे तेवढ्याने भागत नाही. लाव्हाचा खरा पुरावा म्हणजे भरलेल्या वायुपोकळ्यांचे अवशेष. त्या आता खनिजांचे गोलसर पुंजके म्हणून दिसतील. मला तरी हा पुरावा कुठल्याही आलेखापेक्षा जास्त पटतो.

रसायन तपासताना पोटॅशियम, रुबिडियम, बेरियम यांवर विसंबू नका, द्रवांबरोबर ती सहज हलतात. टायटॅनियम, झिर्कोनियम, नायोबियम, इट्रियम बरी. युरोपियम ठळकपणे जास्त निघालं तर तो लाव्हा नसून मॅग्मातले प्लेजिओक्लेजचे स्फटिक साचून बनलेला संचयी खडक असण्याची शक्यता वाढते.

कालमापनाने प्रश्न सुटेलच असं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या बुशवेल्ड या थरयुक्त अंतर्वेशनात छतावरचे रूइबर्ग लाव्हा आणि खालचा थरयुक्त भाग दोन्ही साधारण २०५-२०६ कोटी वर्षांचे. तिथे वय विचारून फारसं हाती लागत नाही, क्षेत्रात दोन खडक जिथे भिडतात तो संपर्कच चालत जाऊन बघावा लागतो.

तुमच्या नमुन्यात असे पुंजके आहेत का?