पायथन: झाकलेला मजकूर उलगडताना 'डब्ल्यू'चा 'पी' होतोय

कोडेकर
शब्दकोड्याची उत्तरं कुणी फाइल उघडून सहज वाचू नयेत, एवढ्यासाठी छोटं टूल केलंय. प्रत्येक अक्षराच्या युनिकोड क्रमांकाचा (संगणकात अक्षराला ठरवून दिलेला आकडा) ९० या किल्लीशी एक्सॉर करायचा (दोन आकड्यांचे बिट जिथे वेगळे तिथे १, सारखे तिथे ०; पुन्हा केला की मूळ आकडा परत) आणि येईल ते अक्षर टेक्स्ट फाइलमध्ये यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये मांडायची पद्धत) म्हणून लिहायचं. परत मिळवतानाही तेच. 'नमस्कार'चं 'ॲॴॢगॏ।४' होतं आणि नीट परत येतं. सगळे मराठी शब्द ठीक आहेत. पण रोमन कॅपिटलमध्ये लिहिलेलं 'डब्ल्यूएचओ' मात्र 'पीएचओ' होऊन येतं. किल्ली ९१ केली तर 'डब्ल्यू' सुधारतो, पण मग 'व्ही'चा 'क्यू' होतो. विंडोज आणि लिनक्स, दोन्हीकडे हेच.

बाइटभर
एक्सॉरचा काही दोष नाही, घोळ फाइल वाचताना होतोय. 'डब्ल्यू'चा क्रमांक ८७. त्याचा ९० शी एक्सॉर केला की १३ येतो, म्हणजे कॅरेज रिटर्न, ओळ संपवणारं एक न दिसणारं चिन्ह. टेक्स्ट मोडमध्ये पायथन १३ ला ओळीचा शेवट समजतो आणि वाचताना त्याचा १० (नव्या ओळीचं चिन्ह) करून टाकतो. १० चा ९० शी एक्सॉर ८०, म्हणजे 'पी'. ९१ च्या किल्लीत हीच पाळी 'व्ही'वर येते. किल्ली बदलून रोग हटत नाही, फक्त रोगी बदलतो.

फाइल उघडताना 'न्यूलाइन' या पर्यायाला रिकामी स्ट्रिंग दिलीत (लिहिताना आणि वाचताना, दोन्हीकडे) तर हे थांबेल. तरी त्यावर विसंबू नका. ९० च्या किल्लीत 'एस'चा टॅब होतो. एखाद्या एडिटरने सेव्ह करताना टॅबच्या जागी स्पेस घातल्या, की उलगडल्यावर तिथे छोट्या 'झेड'ची रांग दिसेल.

खरा उपाय अक्षरांऐवजी बाइटवर काम करण्याचा. स्ट्रिंग यूटीएफ-८ मध्ये एनकोड करा, बाइटचा एक्सॉर करा, त्याचं बेस६४ (बाइट साध्या रोमन अक्षरांत आणि आकड्यांत लिहायची पद्धत) करा आणि ते फाइलमध्ये लिहा. परत येताना आधी बेस६४ डिकोड, मग एक्सॉर, आणि यूटीएफ-८ डिकोड अगदी शेवटी. एक्सॉर झालेले बाइट थेट यूटीएफ-८ म्हणून डिकोड केलेत तर मराठी मजकुरावर एरर येईल. ती दाबायला 'इग्नोर' (न जमणारे बाइट सोडून द्या) हा पर्याय लावू नका, बाइट गुपचूप गळतात आणि परत मिळत नाहीत. लांबीचा हिशेब: 'नमस्कार'मध्ये ७ युनिकोड चिन्हं, प्रत्येकी ३ म्हणजे २१ बाइट, बेस६४ मध्ये २८ अक्षरं. लिंकमध्ये पाठवायचं असेल तर बेस६४ चा यूआरएल-सेफ प्रकार घ्या, नाहीतर अधिक आणि स्लॅश ही चिन्हं घोटाळा करतात.

काना_मात्रा
वरचं बरोबर, पण देवनागरीत हे झाकण फारच पातळ असतं. यूटीएफ-८ मध्ये आपल्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५. 'न' म्हणजे २२४, १६४, १६८. ९० शी एक्सॉर केल्यावर १८६, २५४, २४२. 'म'चं १८६, २५४, २४४. दर तिसरा बाइट १८६ दिसला, की त्याचा २२४ शी एक्सॉर करायचा, किल्ली हातात.

मोठी किल्लीही वाचवत नाही. ७ बाइटची किल्ली आणि ७ चिन्हांचा 'नमस्कार' घ्या: दर तिसऱ्या बाइटवरचा २२४ किल्लीच्या सातही जागांवर एकेकदा पडतो, म्हणजे एका शब्दात अख्खी किल्ली उघडी. कोड्याच्या उत्तरांना एवढं पुरे. पासवर्ड किंवा एपीआय की (एखादी ऑनलाइन सेवा वापरायची गुप्त खूण) मात्र यात ठेवू नका.

कोडेकर
बाइटवर आणलं, 'डब्ल्यू' जाग्यावर आला. आता 'शेतकऱ्यांचा' हे उत्तर बरोबर उलगडतं, पण खेळणाऱ्याने तोच शब्द टाइप केला तर कधीकधी चूक ठरतं. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे.

बाइटभर
'ऱ्य' तीन तऱ्हांनी लिहिला जातो: थेट 'ऱ' (क्रमांक २३५३) आणि हलन्त, 'र', नुक्ता (अक्षराखालचा टिंब) आणि हलन्त, किंवा 'र', हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर (८२०५). पहिले दोन एनएफसी नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या मांडण्या एकसारख्या करायची युनिकोडची रीत) एक होतात, तिसरा होत नाही. म्हणून 'र', हलन्त, जॉइनर ही तिकडी दिसली की आधी तिच्या जागी 'ऱ' आणि हलन्त घाला, मग एनएफसी करा. हे झाकण्यापूर्वी उत्तरावर आणि तपासण्यापूर्वी टाइप केलेल्या शब्दावरही करायचं.