छाती-ट्रायसेप्सचे व्यायाम: तुमचे अनुभव लिहा

काल कपाट आवरताना व्यायामाची जुनी वही सापडली. पहिल्याच पानावर, 'बेंच प्रेस, रिकामा बार, 20 किलो, 6-6-4.' म्हणजे बाकावर उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलायचा, तीन सेटमध्ये सहा, सहा आणि चार वेळा. तिसऱ्या सेटला चारच का, ते वाचताक्षणी आठवलं. पाचव्या वेळी बार छातीवर टेकला तो वर जाईचना. आसपास कोणी नाही असं वाटत असतानाच मागून एक हात बारखाली आला. तो माणूस फार बोलला नाही. "कोपरं एवढी फाकवू नकोस, आणि अंगठा बारभोवती घे." मी अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून पकडत होतो. बार निसटला असता तर थेट छातीवर, नाहीतर गळ्यावर. 15 वर्षं झाली, अंगठा विसरलेलो नाही.

बाकीचंही त्यानेच शिकवलं. खांद्याची पाती मागे ओढून बेंचवर रुतवायची, पाय जमिनीवर घट्ट, कोपरं काखेपासून साधारण 45 ते 60 अंशांवर. 40 किलोला पोचायला मला आठ महिने लागले. ते पान दुमडून ठेवलंय.

तुमचंही लिहा. पहिला पुशअप, डिप्स, दुखापत, काहीही.

पहाटवारा: पुशअप!! बाळंतपणानंतर एकही निघत नव्हता. आधी भिंतीला हात टेकून, मग ओटा, मग पलंगाची कड, मग जमीन. हात जितके उंचावर तितका भार कमी. जमिनीवरच्या पुशअपमध्ये शरीराचं जवळपास दोन तृतीयांश वजन हातांवर येतं, हे कळल्यावर स्वतःवरचा राग गेला. पाच महिन्यांनी पहिला निघाला तेव्हा लेक शेजारी पालथी पडून बघत होती. उठली वाटतं ती, नंतर लिहिते

दोरीउडी: ओट्याचं किती छान सांगितलंस गं. आई 68 ची आहे, तिला आजच दाखवते. भिंतीपासूनच सुरू करू ना?

एकटा जीव: डिप्स, म्हणजे दोन समांतर दांड्यांवर हातांच्या जोरावर खाली-वर. पुढे झुकलं की छातीवर जोर, ताठ राहिलं की ट्रायसेप्सवर, म्हणजे दंडाच्या मागच्या स्नायूवर. पण बेंचवर मागे हात टेकून करायच्या डिप्सनी माझ्या खांद्याला पुढून कळ यायला लागली. त्या सोडल्या. आता अरुंद पकडीचा बेंच प्रेस करतो, हात खांद्यांएवढ्या अंतरावर. त्याहून जवळ घेतले की मनगटं दुखतात.

सावकाश: खांदा? दाखवलात का कोणाला? रात्री त्या कुशीवर झोपता येतं का? मला येत नव्हतं. फिजिओने वजन निम्म्यावर आणायला लावलं आणि प्रेसच्या प्रत्येक सेटमागे रोइंगचा (वजन अंगाकडे ओढण्याचा) एक सेट. दोन महिन्यांनी झोप लागली नीट. अंगावर काढू नका हो.

एकटा जीव: दाखवला. आता बरा आहे. विचारलंत, बरं वाटलं.

तीन डोकी: सगळे केबल पुशडाउनच (केबलचा दांडा खाली दाबणं) करत बसतात. ट्रायसेप्सचा लाँग हेड (त्याच्या तीन भागांपैकी लांब भाग) खांद्याच्या पात्याला जोडलेला असतो, त्यामुळे हात डोक्यावर नेल्याशिवाय तो पूर्ण ताणला जात नाही. डंबेल दोन्ही हातांनी धरून डोक्यामागे सोडा, हलकंच घ्या. माझे दंड वर्षभर अडले होते ते यानेच हलले. आणि बायसेप्सपेक्षा ट्रायसेप्स मोठा असतो, दंड भरायचा तर हाच.

घड्याळ: वही कसली वापरता? मी फोनमध्ये लिहायचो. फोन गेला, चार वर्षांच्या नोंदी गेल्या. अजून हळहळ वाटते

मूळ लेखक: अरेरे! साधी दोनशे पानी. डावीकडे आकडे, उजवीकडे रात्रीची झोप किती. झोप पाच तासांच्या खाली गेली की दुसऱ्या दिवशी बेंच हमखास कमी, पानोपानी दिसतं.

मोठी बहीण: एकट्याने बेंच करणाऱ्यांनो, कृपा करून रॅकच्या सेफ्टी पट्ट्या छातीच्या उंचीला लावा. त्या नसतील आणि सोबत कोणी नसेल तर बारला क्लिप (प्लेट घट्ट धरणारी) लावू नका, अडकलात तर बार एका बाजूला कलवून प्लेट सोडता येतात. नाहीतर सरळ डंबेल घ्या. धाकटा भाऊ अडकला होता, जेमतेम सुटला. त्याच्या छातीवरचा वळ बघितलाय मी.

दोरीउडी: बापरे. बरा आहे ना आता?

मोठी बहीण: हो हो, ठणठणीत. डंबेलच करतो.

सावकाश: धागाकर्ते, तो बारखाली हात घालणारा माणूस पुन्हा भेटला का?

मूळ लेखक: वर्षभर रोज भेटायचा, मग यायचा बंद झाला. काल अख्खी वही चाळली, नाव कुठेच लिहिलेलं नाही. पण शेवटच्या पानावर त्याच्या अक्षरात दोन शब्द आहेत, 'खाली सावकाश'.

पहाटवारा: आले. झोपली एकदाची. डायमंड पुशअपने (तळवे छातीखाली जवळ, अंगठे टेकवून) कोपर दुखतं का कुणाचं? काल पाचच केले.

तीन डोकी: तळवे थोडे लांब ठेवा, अंगठे टेकलेच पाहिजेत असं नाही. तरी दुखलं तर आठवडाभर पुन्हा ओट्यावर.